'देवाचा दरबार' आणि 'मंडळी' : टिळक दांपत्याच्या साहित्यातील ईश्वरकेंद्री ऐक्याचा शोध

प्रस्तावना

मराठी साहित्याच्या इतिहासग्रंथांत रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) यांची ओळख 'फुलामुलांचे कवी' अशी करून दिली जाते. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांची ओळख 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका अशी असते, आणि त्या ग्रंथाचे कौतुकही बहुधा निवेदनातील प्रांजळपणा, विनोद आणि बोलीचा गोडवा या तीन गुणांपुरते होते. ही ओळख चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. या दांपत्याच्या लेखनाच्या मुळाशी असलेला धर्मप्रश्न हा ख्रिस्ती समाजाचा घरगुती प्रश्न आहे, असे मानून आपल्या समीक्षेने तो बाजूला ठेवला. वस्तुतः तो सर्वांचाच प्रश्न आहे. निरनिराळ्या जातींतून, निरनिराळ्या कारणांनी आणि निरनिराळी किंमत मोजून एकत्र आलेली माणसे एका देवाभोवती खरोखर एक होऊ शकतात काय? होत असतील, तर ते ऐक्य कशाने सिद्ध होते? श्रद्धेच्या कबुलीने, संस्थेच्या घटनेने, की रोजच्या वागण्याने?

टिळकांनी १९१७ मध्ये सातारा येथे स्थापन केलेला 'देवाचा दरबार', त्यांची भजने आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, टिळकांनी ईश्वरकेंद्री ऐक्याची कल्पना 'दरबारा'त मांडली; परंतु ती साकार झाली लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात आणि टिळकांच्याच भजनांत. दरबार संपला, पंगत आणि भजन टिकले. असे का झाले, याचे उत्तर दोघांच्या साहित्यातच शोधता येते.

१. 'मंडळी' या शब्दाचा अर्थ

प्रॉटेस्टंट परंपरेतील मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला 'मंडळी' म्हणतो. बायबलच्या मराठी भाषांतरातही हाच शब्द आहे. हा शब्द मुळात कौटुंबिक आहे. 'घरची मंडळी', 'आमची मंडळी', 'पाहुणेमंडळी' या प्रयोगांत नात्याची ऊब आहे; सभासदत्वाची नोंद नाही. मंडळीत असण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. ज्यांच्याबरोबर आपण जेवतो, ती मंडळी.

नव्या करारातील ऐक्याची कल्पना याच्याशी जुळणारी आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांनी एक व्हावे अशी प्रार्थना करतो, आणि त्या ऐक्याचा नमुना म्हणून पिता व पुत्र यांच्या ऐक्याकडे बोट दाखवतो. म्हणजे शिष्यांनी एकमेकांशी जुळवून घ्यावे एवढाच त्याचा आशय नाही. ते ज्याच्याशी जोडलेले आहेत त्याच्यामुळे ते परस्परांशी जोडले जातात. पौलाच्या पत्रांत या कल्पनेची कसोटी लागलेली दिसते. करिंथ येथील मंडळीत कोणी स्वतःला पौलाचे म्हणवीत, कोणी अपुल्लोसाचे, कोणी केफाचे. त्याच मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी सुखवस्तू लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. गुरूच्या नावाचे गट आणि जेवणातला भेद हे दोन्ही दोष पौल एकाच पत्रात दाखवतो. टिळकांच्या दरबाराचे आणि लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघराचे मूल्यमापन करताना हेच दोन दोष निकष म्हणून उपयोगी पडतात.

२. मिशन ते दरबार : टिळकांचा प्रवास

टिळकांच्या धर्मांतराची सुरुवात आपल्या विदर्भाच्या वाटेवर झाली. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला राहून पुढे राजनांदगावला जात असता, १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढील दोन तपे त्यांचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे होते. अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांनी अध्यापन व उपदेश केला, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले.

या काळात त्यांना दोन गोष्टी सतत बोचत राहिल्या. पहिली, परदेशी मिशनवरील अवलंबित्व. देशी ख्रिस्ती कार्यकर्ता मिशनचा पगारदार असे, आणि पगाराच्या नात्यात बंधुत्वाची भाषा कितीही वापरली तरी मालक आणि नोकर हे अंतर मिटत नसे. दुसरी, ख्रिस्ती समाजाचे आपल्याच भूमीतील परकेपण. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. ज्या पुलावरून आपण आलो तो मागे मोडून टाकावा, हे त्यांना मान्य नव्हते.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ठरावीक वेतन नाकारले आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ, असे त्याचे स्वरूप होते. त्या काळाच्या मानाने ही कल्पना धाडसाची होती. मिशनच्या दृष्टीने बाप्तिस्मा हीच ख्रिस्ती समाजाची वेस होती. टिळकांनी वेस काढली आणि केंद्र तेवढे ठेवले. केंद्र पक्के असेल तर कुंपणाची गरज नाही, हा त्यामागील विचार होता. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. दरबाराला त्यांचे आयुष्य लाभले ते जेमतेम दोन वर्षे, आणि त्यांच्यानंतर तो संस्था म्हणून उभा राहू शकला नाही.

३. दरबाराच्या कल्पनेचे बळ

दरबार अल्पजीवी ठरला म्हणून त्याची कल्पना निष्फळ म्हणता येणार नाही. या कल्पनेत एक मूलभूत धर्मविचार आहे. माणसांचे ऐक्य माणसांच्या परस्परसंमतीवर उभे केले तर संमती आटताच ते कोसळते. ते ईश्वरावर उभे केले, तर मतभेद असूनही माणसे एकत्र राहू शकतात. याच विचाराची मांडणी पुढे जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सहजीवनविषयक पुस्तकात केली. फिंकनवाल्डे येथील गुप्त धर्मशिक्षणकेंद्रातील सामूहिक जीवनाचा अनुभव त्यामागे होता. ख्रिस्ती बंधुत्व हे आपण गाठायचे ध्येय नसून ईश्वराने आधीच दिलेले दान आहे, त्यात आपण फक्त सहभागी व्हायचे असते, असे त्यांचे म्हणणे होते. आदर्श समाजाचे स्वतःचे स्वप्न ज्याला प्रत्यक्ष समाजापेक्षा प्रिय वाटते, तो त्या समाजाचा नाश करतो, असा इशाराही त्यांनी दिला.

टिळकांच्या दरबाराचा प्रभाव महाराष्ट्रातही पडला. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. भारतीय व युरोपीय सभासदांनी एकत्र राहावे, साधे जेवावे, एकत्र प्रार्थना करावी, असा त्या संघाचा क्रम होता. व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये भारतात आले ते याच संघात, आणि तेथून पुढे मध्य प्रांतातील गोंडांमध्ये गेले.

४. दरबाराच्या कल्पनेच्या मर्यादा

तथापि, समीक्षकाला दोन आक्षेप टाळता येत नाहीत.

पहिला आक्षेप रूपकाविषयी आहे. टिळकांच्या भजनांत ख्रिस्त पुनःपुन्हा येतो तो 'माउली'च्या रूपात. वारकरी परंपरेने विठ्ठलाला आणि ज्ञानेश्वरांना दिलेला हा शब्द त्यांनी ख्रिस्ताला दिला. माउलीच्या घरी लेकरांना क्रम नसतो. जे लेकरू रडते त्याला आई आधी घेते. दरबाराचे रूपक मात्र वेगळे आहे. दरबार म्हटला की आसनांचा क्रम आला, मानकरी आले, राजाच्या जवळचे आणि दूरचे आले. टिळकांना अर्थातच केवळ देवाचे राजेपद सांगायचे होते, माणसांची उतरंड नव्हे. तरीही दरबाराला दरबारी लागतात, आणि अदृश्य राजाच्या दरबारात दृश्य प्रधान हाच लोकांच्या नजरेचे केंद्र होतो. टिळकांचे व्यक्तिमत्त्व विलक्षण आकर्षक होते. त्यांच्या ओढीने आलेली माणसे त्यांच्यानंतर पांगली, हे पाहता केंद्रस्थानी देव किती होता आणि कवी किती होता, हा प्रश्न विचारावाच लागतो. करिंथच्या मंडळीतील पहिला दोष येथे नकळत शिरलेला दिसतो. भजनकार टिळकांना जे समजले होते ते संस्थापक टिळकांच्या हातून निसटले, असे म्हणता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाप्तिस्मा न घेता ख्रिस्तशिष्य राहण्याची मुभा कोणाच्या सोयीची होती? अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाज बहुसंख्येने महार व मांग समाजांतून आलेला होता. त्या माणसांनी बाप्तिस्मा उघडपणे घेतला आणि गावकीचा रोष, बलुत्याचे नुकसान उघडपणे सोसले. उच्चवर्णीय माणसाला मात्र बाप्तिस्मा न घेता ख्रिस्तावर प्रेम करता आले, तर त्याची जात, त्याचे घर आणि त्याची पंगत सुरक्षित राहते. म्हणजे वेस काढल्याने बाहेरचा आत येतो हे खरे. पण तो आपली वेस बरोबर घेऊन येत नाही ना, हे पाहणे आवश्यक ठरते. टिळकांनी स्वतः जात सोडली होती, त्यासाठी कुटुंबाची ताटातूट सोसली होती. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. प्रश्न त्यांच्या कल्पनेतील मोकळ्या जागेविषयी आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. धर्मांतरित समाजाच्या स्थितीविषयी लिहिताना, धर्म बदलल्याने जातीची भावना नष्ट झाली काय, असा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या कक्षेत पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला दलित मात्र त्याबाहेरच राहिला. बाप्तिस्म्याची किंमत सर्वांना सारखी नसते, हे यावरून ध्यानात यावे.

५. 'स्मृतिचित्रे' : पंगतीतील ऐक्य

वरील आक्षेपाचे उत्तर टिळकांच्या दरबारात नव्हे, तर लक्ष्मीबाईंच्या आत्मकथनात सापडते. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या नवऱ्याजवळ आल्या, परंतु सोवळ्यासह आल्या. एकाच संसारात स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, स्पर्शाचे नियम निराळे. या काळाचे वर्णन वाचताना आपण हसतो, कारण लक्ष्मीबाई स्वतःला हसतात. पण त्या हसण्याखाली एक कठोर सत्य आहे. एका छपराखाली, एका प्रेमाने बांधलेली दोन माणसेसुद्धा पाण्याच्या भांड्यापाशी एक नसतात.

हा भेद सुटला तो उपदेशाने नव्हे. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, हे त्यांचे मोठेपण. लक्ष्मीबाईंनी एकदा आपल्याशीच विचार केला. पशुपक्ष्यांत देवाने निरनिराळ्या जाती केल्या हे दिसते. माणसांत तसे काही दिसत नाही. तेव्हा माणसांतील जाती माणसांनीच केलेल्या असल्या पाहिजेत. त्या क्षणापासून कोणाच्याही हातचे खायचे, असे त्यांनी ठरवले. हा निर्णय त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी जात सोडली असे घडले नाही. देव सर्वांचा कर्ता आहे हे पटल्यामुळे त्यांनी प्रथम पंगतीतील भेद सोडला आणि मग त्या मंडळीत आल्या. बाप्तिस्म्याच्या पाण्यापूर्वी त्यांनी माठातल्या पाण्याचा प्रश्न सोडवला.

यातून टिळकांच्या दरबाराला एक निकष मिळतो. बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्याला आत घेण्यास हरकत नाही; परंतु तो शेजारच्या माणसाच्या भांड्यातले पाणी पितो की नाही, हे विचारावे. ईश्वर केंद्रस्थानी आहे याची साक्ष ओठांवरील नावापेक्षा पंगतीतील ताटात अधिक स्पष्ट दिसते. आपल्याकडे सप्ताहाच्या शेवटी होणाऱ्या काल्यालाही हाच अर्थ आहे. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्यावर कोणाचा घास कोणता, हे उरत नाही.

टिळकांचे अहमदनगरचे घर हे या अर्थाने दरबाराच्या आधीचा दरबार होते. तेथे अनाथ मुले वाढली, आलागेला जेवला. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे या घरात मुलासारखे राहिले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही आणि तो घ्यावा म्हणून त्यांचे घरातील स्थान डळमळीत झाले नाही. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले यांचा जो बंधुसंघ टिळकांनी १९१७ मध्ये जाहीर केला, तो घरात आधीच नांदत होता. त्याला नाव नव्हते, घटना नव्हती. त्याला चूल होती, आणि ती लक्ष्मीबाई सांभाळत होत्या.

६. संस्थात्मक ऐक्य : नागपूर, १९७०

ईश्वरकेंद्री ऐक्याचा दुसरा मोठा प्रयत्न आपल्या शेजारी नागपुरात झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथील ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्चपरंपरांचे विलीनीकरण होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' अस्तित्वात आले. त्यांत अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांचे संयुक्त चर्च यांचा समावेश होता. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट चर्च अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिले. बाप्तिस्मा बालपणी की प्रौढपणी, बिशपांची परंपरा आवश्यक की नाही, यांसारख्या प्रश्नांवर शतकानुशतके वेगळ्या राहिलेल्या मंडळ्या एका उपासनेत आल्या, ही भारतीय ख्रिस्ती इतिहासातील लक्षणीय घटना आहे. हे भेद भारतात जन्मलेले नव्हते. ते युरोप-अमेरिकेतून आलेले होते. ते मिटवण्यात टिळकांच्या स्वदेशी दृष्टीचाच एक विस्तार दिसतो.

तथापि, ऐक्यानंतर अनेक ठिकाणी मालमत्तेचे वाद न्यायालयात गेले. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरणाच्या ठरावाने मूळ संस्था विसर्जित होऊन तिची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, असा निर्णय दिला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय आपल्या जागी आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यातून वेगळी गोष्ट जाणवते. दरबाराचे ऐक्य एका व्यक्तीवर अवलंबून राहिले म्हणून विरले. संस्थेचे ऐक्य टिकले, पण सातबाराच्या उताऱ्यापाशी अडखळले. दोन्ही ठिकाणी केंद्र देव असल्याची ग्वाही होती. दोन्ही ठिकाणी त्या केंद्राच्या आड दुसरे काहीतरी येऊन बसले.

७. वऱ्हाडातील एक समांतर अनुभव

वरूडसारख्या ठिकाणी अध्यापन करणाऱ्याला या विषयाचा विचार करताना गुरुकुंज मोझरी आठवणे स्वाभाविक आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) आपल्याच जिल्ह्यात १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि सामुदायिक प्रार्थनेचा प्रसार गावोगावी केला. कोणत्याही एका पंथाची मूर्ती न ठेवता अधिष्ठान मांडायचे आणि सर्वांनी रांगेत, सारख्या आसनावर बसून प्रार्थना करायची, ही पद्धती आपल्या परिचयाची आहे. टिळक आणि तुकडोजी यांच्या श्रद्धा वेगळ्या आहेत. टिळकांचे केंद्र ख्रिस्त आहे; तुकडोजींचे केंद्र सर्व नामांच्या पलीकडील आहे. त्यांना एकाच साच्यात बसवणे हा दोघांवरही अन्याय होईल. पण दोघांनीही ऐक्याचे साधन म्हणून एकत्र गाणे निवडले, हे साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

एकत्र गाताना माणसाला आपला सूर शेजाऱ्याच्या सुरात मिळवावा लागतो, आणि दोघांनाही एकाच चालीकडे लक्ष द्यावे लागते. ईश्वरकेंद्री ऐक्याचे याहून सोपे प्रात्यक्षिक नाही. टिळकांचा दरबार १९१९ नंतर ओसरला, परंतु त्यांची भजने 'उपासना संगीता'तून पंथभेद ओलांडून मराठी मंडळ्यांत गायली जाऊ लागली. ज्या मंडळ्या एका व्यासपीठावर बसल्या नाहीत, त्याही टिळकांची भजने गातात. या भजनांत राजा कमी आणि माउली अधिक आहे, हा योगायोग मानता येणार नाही.

निष्कर्ष

१. टिळकांचा 'देवाचा दरबार' हा मराठी धर्मजीवनातील मौलिक विचार आहे. समाजाची व्याख्या त्याच्या सीमेने न करता त्याच्या केंद्राने करावी, हे त्याचे सार होय.

२. दरबाराचे रूपक आणि संस्थापकाचे प्रभावी व्यक्तित्व यांमुळे ते केंद्र झाकोळण्याचा धोका निर्माण झाला. टिळकांच्या भजनांतील 'माउली' ही प्रतिमा त्यांच्या संस्थेपेक्षा अधिक ऐक्यक्षम ठरली.

३. सीमा काढून टाकणे पुरेसे नाही. आत येणारा आपली जात बाहेर ठेवतो काय, हा निकष 'स्मृतिचित्रे'तून मिळतो. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्म्यापूर्वी पंगतभेद सोडला, या घटनेचे धर्मशास्त्रीय मूल्य आपल्या समीक्षेने अद्याप ओळखलेले नाही.

४. 'स्मृतिचित्रे' हा केवळ एका विनोदी, प्रांजळ स्त्रीचा जीवनवृत्तांत म्हणून शिकवला जाऊ नये. तो एका समाजाच्या ऐक्याचा पुरावा आणि त्याची परीक्षाही आहे. टिळकांची भजने आणि 'स्मृतिचित्रे' एकत्र अभ्यासल्यास दोन्हींचा अर्थ वाढतो.

वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना सोवळ्याच्या प्रसंगावर विद्यार्थी हसतात. ते हसावेतही. मात्र हसणे ओसरल्यावर त्यांना एक प्रश्न विचारला पाहिजे: आपल्या गावात, आपल्या घरी, कोणाच्या हातचे पाणी आपण अजून पीत नाही? या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी निःसंकोच देता येईल, त्या दिवशी 'मंडळी' हा शब्द आपण सर्वांनाच खऱ्या अर्थाने वापरता येईल.